चिरंजीवांसह स्पेनला

दिवाळीच्या फराळाबरोबर आपल्याकडे घरोघरी आणखी एक पदार्थ शिजत असतो. तो म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या प्रवासाचा बेत. आम्हां यवतमाळकरांना तो जरा लवकरच चुलीवर ठेवावा लागतो. कारण आमच्या गावाहून कोठेही जायचे म्हणजे आधी दुसऱ्या गावी जावे लागते. मुंबईची गाडी पकडायची तर धामणगाव गाठा, विमान पकडायचे तर नागपूर गाठा. कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजी अमदानीत घातलेली मूर्तिजापूर–यवतमाळ ही ११३ किलोमीटरांची आमची लाडकी ‘शकुंतला’ थांबली. वर्ध्याहून येणाऱ्या नव्या मार्गावर २०२४ च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत गाडी धावली, तेव्हा केवढा आनंद झाला होता! सांगायचे एवढेच, की वाट पाहणे आणि बेत आखणे या दोन कला यवतमाळकराला उपजतच येतात.

पूर्वी बेत म्हणजे माहूर, तिरुपती, हौस फारच झाली तर काश्मीर. आता आमच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या खोलीत चहाबरोबर दुबई आणि व्हिएतनामच्या गोष्टी निघतात. त्यांत स्पेनचे नाव आले ते २०११ सालच्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ या चित्रपटापासून. तीन मित्र मोटारीतून हिंडतात, टोमॅटोंच्या रंगपंचमीत न्हातात, बैलांपुढे धावतात. मुलांना तो चित्रपट का आवडतो ते उघड आहे. त्या तिघांच्या मोटारीत आई नाही, बाबा नाहीत आणि व्हिसाची कागदपत्रेही नाहीत!

आमच्या घरच्या मोटारीत मात्र ही सारी मंडळी आहेत. आमचे चिरंजीव यंदा दहावीला. परीक्षा मार्चमध्ये संपेल आणि जूनमध्ये ते अकरावीसाठी नागपूरला वसतिगृहात जातील. पुढे पुणे, मुंबई की आणखी कोठे, ते त्यांच्या गुणांवर आणि नशिबावर. एकदा घराबाहेर पडलेले मूल परत येते ते पाहुणा म्हणून, हे ज्यांची मुले गेली आहेत त्यांना सांगायला नको. म्हणून यंदाचा एप्रिल आम्ही राखून ठेवला आहे. स्पेन हे निमित्त. दहा दिवस मुलाच्या सहवासात काढायचे, हा खरा हेतू.

पण सहवास म्हटला की पहिलीच अडचण उभी राहते. पाच वर्षांचे मूल आपण कडेवर घेतो, पंचवीस वर्षांचा मुलगा आपल्या पिशव्या उचलतो. पंधरा वर्षांचा मुलगा यांतले काहीच करत नाही. तो दहा पावले मागे चालतो, कानांत यंत्र असते, आणि “कसं वाटलं?” या प्रश्नाला त्याच्यापाशी एकच उत्तर असते, “ठीक.” साडेपाच लाखांच्या घरात जाणाऱ्या प्रवासातून ‘ठीक’ एवढाच शब्द हाती लागायचा असेल, तर आधी विचार केलेला बरा. तो विचार गेले सहा महिने आमच्या घरी चालू आहे. समवयस्क मुलांच्या आईबापांना त्याचा उपयोग होईल, म्हणून हा लेखनप्रपंच.

बेत कोणाचा?

आपल्याकडे प्रवासाचा बेत वडील आखतात, आई सामान बांधते आणि मुलांना निघण्याची तारीख कळवली जाते. लहान मुलांपुरती ही पद्धत उत्तम. पंधराव्या वर्षी ती चालत नाही. ज्या बेतात आपला हात नाही तो बेत म्हणजे मुलाच्या लेखी शाळेचे वेळापत्रक. तेव्हा आम्ही एका रविवारी तीन चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकाने आपल्या मनातल्या दोन गोष्टी लिहायच्या, आणि एक नको असलेली. दुसऱ्याच्या ‘नको’वर वाद घालायचा नाही, एवढा एकच नियम.

चिरंजीवांनी लिहिले, माद्रिदचे बेर्नाबेऊ मैदान आणि रात्री उशिरापर्यंत रस्त्यांतून भटकणे. नको काय? तर ‘दिवसाला एकापेक्षा जास्त म्युझियम’. त्यांचे वडील स्थापत्य अभियंता. त्यांनी बार्सेलोनातले सग्रादा फॅमिलिया हे चर्च आणि वेगवान आगगाडी मागितली. धावपळ नको म्हणाले. मी लिहिले, पिकासोचे ‘गेर्निका’ हे चित्र आणि ग्रानादाचा अल्हंब्रा. मला नको होते मोबाइलसह जेवण.

या तीन चिठ्ठ्यांनी जे काम केले ते कोणत्याही प्रवासी कंपनीच्या रंगीत पुस्तिकेने केले नसते. कोणाला काय हवे ते कळले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय सोडायचे तेही कळले.

दोन शहरे, नऊ रात्री

स्पेन नकाशावर मोठा दिसत नाही. पण माद्रिद, बार्सेलोना, सेविया, ग्रानादा आणि वालेन्सिया ही पाचही शहरे दहा दिवसांत करू म्हटले, तर मुलाच्या आठवणीत फक्त पेट्या भरणे आणि उपसणे राहील. आम्ही दोनच शहरे धरली. बार्सेलोनात चार रात्री, माद्रिदमध्ये पाच. जाताना बार्सेलोनाला उतरायचे आणि येताना माद्रिदहून निघायचे. म्हणजे आल्या वाटेने परत जाण्याचा दिवस वाचतो. दोन्ही शहरांमधले सुमारे सव्वासहाशे किलोमीटरांचे अंतर वेगवान गाडी अडीच-तीन तासांत तोडते. तेवढ्या वेळात आमची एस. टी. नागपूरच्या वेशीपाशी पोहोचते.

सग्रादा फॅमिलियाचे काम १८८२ साली सुरू झाले. दुसऱ्याच वर्षी ते अंतोनी गाउदी या वास्तुशिल्पकाराच्या हाती आले, आणि त्याने त्रेचाळीस वर्षे त्याला दिली. १९२६ साली ट्रामच्या धक्क्याने तो वारला, तेव्हा चर्च अपुरेच होते. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याने जर्मनीतल्या उल्मच्या चर्चला मागे टाकले आणि ते जगातले सर्वांत उंच चर्च ठरले. हे ऐकून चिरंजीव म्हणाले, “बाबा, म्हणजे काम लांबलं तरी चांगलं होऊ शकतं!” दहावीच्या अभ्यासाला हा न्याय लावायचा नाही, असे त्यांना तेथल्या तेथे बजावण्यात आले.

‘गेर्निका’ माद्रिदच्या राइना सोफिया संग्रहालयात आहे. मंगळवारी ते बंद असते, हे वेळापत्रकात आधीच तांबड्या शाईने लिहून ठेवावे. २६ एप्रिल १९३७, सोमवार, गेर्निका गावचा बाजाराचा दिवस. स्पेनमध्ये यादवी चालू होती. फ्रँकोच्या मदतीला आलेल्या जर्मन आणि इटालियन विमानांनी त्या दिवशी गावावर बाँब टाकले. पिकासोने त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी हे चित्र काढले. साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर रुंद, आणि रंग म्हणाल तर काळा, पांढरा, करडा. इतिहासाच्या पुस्तकात दुसरे महायुद्ध चार गुणांचे असते. बाजाराच्या दिवशी विमाने आली, एवढे सांगितले तर आठवडी बाजार पाहिलेल्या मुलाला त्या चित्रातला घोडा का किंचाळतो ते वेगळे समजावावे लागत नाही.

आता अल्हंब्रा. तेथल्या नसरी राजवाड्यांत प्रवेशाची वेळ तिकिटावर नेमलेली असते, तिकिटे नावावर असतात आणि कित्येक आठवडे आधी संपतात. शिवाय ग्रानादा म्हणजे तिसरे शहर, तिसरा मुक्काम. यजमानांचे ‘धावपळ नको’ चिठ्ठीत होतेच. मी अल्हंब्रा सोडला. त्याच्या बदल्यात माद्रिदहून एका दिवसाची कोर्दोबाची फेरी मिळवली. गाडीने दोन तासांच्या आत तेथे पोहोचता येते. आठव्या शतकात सुरू झालेली तेथली मशीद, तिचे आठशेहून अधिक खांब, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी आणि सोळाव्या शतकात मधोमध उभारलेले चर्च. एकाच छपराखाली स्पेनचा हजार वर्षांचा इतिहास उभा आहे. हा सौदा मला मान्य आहे.

कागदांचे बाड

स्पेनचा व्हिसा म्हणजे युरोपातल्या एकोणतीस देशांना चालणारा शेंगेन व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. एप्रिलमध्ये जाणाऱ्यांनी दिवाळीनंतर लगेच लागावे, ते याचसाठी. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. आम्ही त्यासाठी मुंबईचे केंद्र धरले आहे आणि त्याच फेरीत दोन दिवस मुंबईही पाहून घेणार आहोत. परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालेल असा पासपोर्ट, तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे, नोकरीच्या ठिकाणचे रजेचे पत्र, शाळेचा दाखला आणि अज्ञान मुलाच्या अर्जावर आई व वडील दोघांच्याही सह्या, एवढा संसार बरोबर न्यावा लागतो. एक गोष्ट अनेकांच्या ध्यानातून सुटते. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असला तरी लहानपणी काढलेला मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांतच संपतो. कपाटातून काढून तारीख आजच पाहावी.

या कागदांत एक गंमत आहे. व्हिसाचे शुल्क मोठ्यांना नव्वद युरो आणि लहानांना निम्मे. पण लहान म्हणजे बारा वर्षांखालचे. माद्रिदच्या प्रादो आणि राइना सोफिया या संग्रहालयांत मात्र अठरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. म्हणजे आमचे चिरंजीव व्हिसाच्या खिडकीपाशी मोठे आणि चित्रांच्या दारापाशी लहान! पंधराव्या वर्षाचे याहून अचूक वर्णन मी कोणत्याही कादंबरीत वाचलेले नाही.

राहण्याचा प्रश्न आला तेव्हा मुलानेच एक बातमी वाचून दाखवली. २०२४ च्या जुलैत बार्सेलोनाच्या नागरिकांनी प्रवाशांच्या गर्दीविरुद्ध मोर्चा काढला आणि हॉटेलांबाहेर जेवत बसलेल्या पाहुण्यांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. प्रवाशांना घरे भाड्याने दिल्यामुळे गावच्या लोकांना घर परवडेनासे झाले, ही त्यांची तक्रार. अशा सुमारे दहा हजार घरांचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत संपवण्याचे तेथल्या नगरपालिकेने जाहीर केले आहे. “मग आपण जायचं की नाही?” त्याने विचारले. बराच खल होऊन ठरले, की जायचे. पण घर न घेता हॉटेलात तिघांची खोली घ्यायची, आणि पाहुण्याने वागावे तसे वागायचे. मुलाने स्वतः उचललेला हा प्रश्न मला प्रवासाइतकाच मोलाचा वाटतो.

उशिराचे घड्याळ आणि ओळखीचे शब्द

मुलगा सुट्टीत नऊपर्यंत झोपतो, ही आपली सगळ्यांची तक्रार. स्पेन याबाबतीत त्याच्या बाजूने आहे. १९४० साली फ्रँकोने देशाचे घड्याळ एक तास पुढे नेले, ते तसेच राहिले. त्यामुळे एप्रिलच्या मध्यावर माद्रिदमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. दुपारचे जेवण दोननंतर, रात्रीचे नऊनंतर, आणि दहा वाजता आजीआजोबा नातवंडांना घेऊन रस्त्यांवरून फिरत असतात. ‘रात्री उशिरापर्यंत भटकणे’ ही चिठ्ठीतली मागणी तेथे वाह्यातपणा ठरत नाही, तो लोकाचार आहे. सकाळी मात्र आम्ही एकच स्थळ ठेवले आहे आणि दुपार मोकळी.

शाकाहारी मंडळींनी एवढेच ध्यानात ठेवावे, की ‘भाजी’ म्हणून मागवलेल्या पदार्थातही ‘खामोन’ म्हणजे डुकराचे मांस किंवा मासळीचे तुकडे येऊ शकतात. तेव्हा नीट विचारून घ्यावे. अंडे चालत असेल तर बटाट्याची ‘तोर्तिया’ पोटभर होते. टोमॅटो चोळलेला पाव, गास्पाचो हे टोमॅटोचे थंड सार, आणि चॉकलेटात बुडवून खायचे चुर्रो ही मुलांची सोय.

भाषेची भीती मात्र मराठी माणसाने बाळगू नये. आपला ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. स्पॅनिशमध्येही ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. आपला बटाटा तेथे ‘पाताता’, आपला साबण ‘खाबोन’. याहून मजेची गोष्ट उलट दिशेने गेलेल्या शब्दांची. संस्कृतातली शर्करा फारसी-अरबीच्या वाटेने स्पेनला पोहोचली आणि ‘आथूकार’ झाली. नारंग ‘नारांखा’ झाले. चतुरंगाचा अरबीत शतरंज झाला आणि स्पॅनिशमध्ये ‘आखेद्रेथ’. शिकवून शिकवून मला ही यादी पाठ आहे, पण घरी तिला कधी श्रोता मिळाला नव्हता. परवा चिरंजीवांनी होऊन विचारले, “कापसाला काय म्हणतात?” ‘आल्गोदोन’, अरबी ‘कुत्न’वरून. इंग्रजांचा ‘कॉटन’ही त्याच घरचा. कापसाच्या जिल्ह्यातल्या पोराने एवढा शब्द तरी बरोबर न्यावाच.

नागपूरची रंगीत तालीम

नाटकाला रंगीत तालीम असते, मग प्रवासाला का नको? सप्टेंबरातल्या एका रविवारी आम्ही ती नागपुरात केली. नियम असा, की दिवसभराचे पैसे आणि नकाशा मुलाच्या हाती. आईबापांनी त्याच्यामागून चालायचे. ‘आता कुठे?’ आणि ‘मी सांगत नव्हते?’ ही दोन वाक्ये त्या दिवसापुरती बंद.

पहाटेच्या एस. टी.ने गेलो. सीताबर्डीला दोन मेट्रो एकमेकींना छेदतात. तेथे गाडी कशी बदलायची ते त्याने फलक वाचून ठरवले. १८६३ साली स्थापन झालेल्या अजब बंगल्यात त्याने आम्हांला तासभर फिरवले, रमण विज्ञान केंद्रात दोन तास, आणि जेवण त्याच्या निवडीचे. दुपारी तीनला त्याची यादी संपली. पैसे उरले होते, वेळही उरला होता. माझ्या ओठांवर चार सूचना आल्या; त्या मी गिळल्या. आम्ही अंबाझरी तलावाच्या काठी नुसते बसून राहिलो.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो पाण्याकडे पाहतच म्हणाला, “आई, इथलं हॉस्टेल मला जमेल का गं?”

घरी सहा महिन्यांत हा प्रश्न त्याने विचारला नव्हता. अभ्यासाच्या टेबलाशी तो निघत नाही, जेवताना निघत नाही. तो निघायला रिकामा वेळ लागतो, शेजारी बसलेली आईबापे लागतात, आणि समोर पाहायला दुसरे काही तरी लागते. उत्तर त्याच्या वडिलांनी दिले. ते स्वतः वसतिगृहात राहिले तेव्हाचे पहिले दोन महिने कसे गेले, ते त्यांनी सांगितले. मीही ते प्रथमच ऐकत होते. परतीची एस. टी. सुटेपर्यंत बापलेकांचे बोलणे चालू होते.

त्या दिवसानंतर आम्ही स्पेनच्या वेळापत्रकातली आणखी दोन स्थळे खोडली. बार्सेलोनातली एक दुपार आणि माद्रिदमधली एक संध्याकाळ कोरी ठेवली. माद्रिदचा एक अख्खा दिवस चिरंजीवांच्या हाती राहील. रोजच्या खर्चाचे युरो त्याच्यापाशी, हॉटेलच्या पत्त्याचे कार्ड खिशात, पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत आणि त्याची प्रत जवळ. संकटात फिरवायचा ११२ हा क्रमांक साऱ्या युरोपात चालतो, तो पाठ. बार्सेलोनाच्या मेट्रोत आणि ला राम्ब्ला रस्त्यावर खिसेकापूंची ख्याती आहे, म्हणून मोबाइल मागच्या खिशात नाही. एवढी काळजी घेतली की मोकळे सोडायला हरकत नाही.

विहीर की विमान?

या बेताला आमच्या घरात एकच विरोधक होत्या, आमच्या सासूबाई. खर्चाचा आकडा ऐकून त्या म्हणाल्या, “येवढ्या पैशात त विहीर होते, बाई!” त्यांचे आयुष्य दारव्ह्याकडे कोरडवाहू शेतीत गेलेले. ज्या जिल्ह्यात कापसाचा हिशेब वर्षानुवर्षे जुळत नाही, जेथे कर्जापायी माणसांनी जीव दिले, तेथे बसून विमानाची तिकिटे काढताना हे वाक्य कानांआड टाकता येत नाही, टाकूही नये. आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या. कर्ज काढायचे नाही. नागपूरच्या शिक्षणाचे पैसे आधी बाजूला. जुनी मोटार आणखी पाच वर्षे चालवायची. ज्यांना हा हिशेब बसत नसेल त्यांनी स्पेनचे नाव काढू नये. हैदराबाद किंवा मुंबईचे चार दिवसही अशाच चिठ्ठ्या काढून, असाच वेळ कोरा ठेवून करता येतात, आणि त्यांत काही उणे राहत नाही.

सासूबाईंचे समाधान मात्र आमच्या हिशेबाने झाले नाही, ते नातवाने केले. एका संध्याकाळी त्यांनी त्याला विचारले, “तिकडं कापूस होते काय रे?” त्याने शोधून सांगितले, की आजी, होतो, युरोपात कापूस पिकवणारे मुख्य देश दोनच, ग्रीस आणि स्पेन. स्पेनच्या दक्षिणेला ग्वादाल्किविर नदीच्या खोऱ्यात तो होतो, आणि आपण ज्या कोर्दोबाला जाणार आहोत ते त्याच नदीच्या काठी आहे. पेरणी एप्रिलमध्ये.

“एप्रिलात? पाण्याबिगर?”

“नदीचं पाणी देतात, आजी.”

“मंग बरोबर,” त्या म्हणाल्या. “पानी हाये त सारं हाये.” आणि थोड्या वेळाने, “एक फोटो काढून आनजो त्या वावराचा.”

वेळापत्रकात आता ही चौथी चिठ्ठी दाखल झाली आहे. कोर्दोबाच्या गाडीत खिडकीशी कोणी बसायचे, याचा निकाल त्यामुळे आपोआप लागला.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी तेरा ते सतरा वयाचे कोणी असेल, त्यांनी दिवाळीच्या या सुट्टीत एवढे करून पाहावे. चिठ्ठ्या काढाव्यात, पासपोर्टच्या तारखा तपासाव्यात, ईस्टरच्या आठवड्यातली गर्दी आणि भाववाढ टाळून दिवस ठरवावेत, आणि जवळच्या एखाद्या शहरात एक दिवस मुलामागून चालून यावे. स्थळे कमी झाली तर हळहळू नये. अल्हंब्रा साडेसहाशे-सातशे वर्षे उभा आहे, तो आणखी दहा वर्षे आपली वाट पाहील. पंधरा वर्षांचा मुलगा तेवढा थांबणार नाही.